मुंगीचा चावा

४ फेब्रुवारी

मुंगीनं आज ढब्बूला चावलं. दंडाला. रक्त निघेपर्यंत.

कारण काय, तर निळी बादली. बादल्या ढीगभर आहेत, पण दोघांनाही निळीच हवी. त्यानं हिसकावली, हिनं दात रोवले. मी बाळाचं दुपटं धूत होते. किंचाळी ऐकून धावले तर ही त्याच्या दंडाला लटकलेली. नाक दाबलं तेव्हा सुटली. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या, "नावाला जागली हो पोरगी." मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. ढब्बूच्या दंडावर दातांची अख्खी कमान उमटली होती.

साबण, पाणी, पट्टी. पाळणाघर चालवायचं म्हणजे चावे-बोचकारे आलेच.

संध्याकाळी दोघांच्या आया एकदमच आल्या. मुंगीची आई बेकरीत कामाला आहे, भुवयांवर पीठ घेऊनच येते. गल्लीत तिला बेकरीवालीच म्हणतात. नवरा नाही. कुठं गेला ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ढब्बूची आई नेहमीसारखी चौकटीला चिकटून उभी. पोराचा दंड पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "हे काय म्हणतील?" एवढंच बोलली. दुखतंय का रे, असं काही त्याला विचारलं नाही.

मी म्हटलं, चार दिवसांत खपली धरेल. पण बेकरीवाली जागची हलेना. मग म्हणाली, हळू पण स्पष्ट —

"ताई, एक सांगायला हवं. मला बी प्रकारची कावीळ आहे. बरीच वर्षं. रक्तात आहे, अंगावर दिसत नाही. मुंगीला नाही. ती जन्मली त्याच दिवशी तिला लस दिली, नंतर रक्तही तपासलं. तिच्या चावण्यानं काही होणार नाही. तरी ढब्बूची लस झाली आहे ना, तेवढं बघून घ्या. म्हणजे कुणाच्याच जिवाला घोर नको."

कुणी विचारलं नव्हतं तिला. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं.

ढब्बूची आई तिच्याकडे बघतच राहिली. तोंड उघडलं, मिटलं. "ह्यांना विचारते," म्हणाली आणि पोराला उचलून निघून गेली.

५ फेब्रुवारी

सकाळीच ढब्बूचा बाप आला. समोरचं गॅरेज त्याचं. आजवर मी त्याला गाडीखाली आडवाच जास्त पाहिला होता — बाहेर फक्त बूट आणि शिव्या. उभा राहिला की दार भरतं. बोटांच्या पेरांवर नव्या-जुन्या चिरा, त्यांत वंगण कायमचं बसलेलं.

"कोणाच्या रोगट कार्टीनं माझ्या पोराला फाडलं?"

मी म्हटलं, मुलगी रोगट नाही. आईला आहे, मुलीला नाही. आणि ढब्बूची लस झाली असेल तर —

"आमच्या घरात सुई येत नाही," तो म्हणाला. "आणि ही लस कशाची, तर बाहेरख्याली माणसांच्या रोगाची. माझं दुधाचे दात असलेलं पोर कुठं तोंड काळं करायला जातंय?"

"अहो, हळू. मुलं आहेत," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं खेळण्यांच्या खोक्याला लाथ घातली. ठोकळे भिंतीपर्यंत उडाले. एक मूल रडायला लागलं की सगळी लागतात, तशी लागली. जाताना दार असं आपटलं की काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

दुपारी ढब्बूची आई त्याचं दप्तर न्यायला आली. खालचा ओठ सुजून बाहेर आलेला. मी ओठाकडे पाहिलं, तिनं दप्तराकडे.

"कपाटाचं दार लागलं," म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं.

६ फेब्रुवारी

गल्लीभर झालं.

सकाळपासून दारात आईबाप. एका ग्लासातून पाणी प्यायलं तर होतो का? शिंकल्यावर? डास चावून? आम्ही रोज तिच्या बेकरीतलाच पाव खातो, त्याचं काय? माझ्या मुलीला सगळे डोस झालेत, पुन्हा द्यायचे का? माझ्याला एकच झाला, मग ताप आला म्हणून सोडून दिलं, आता उशीर झाला का? सगळे माझ्यावरच खेकसत होते. जणू तो विषाणू मीच रांधून वाढलाय.

मला अर्धं माहीत, अर्धं नाही. मी सगळ्यांना म्हटलं, डॉक्टरबाईंना बोलावते, इथंच बसून काय ते विचारा.

पाच मुलं आज आली नाहीत.

७ फेब्रुवारी

खिडकीतून दगड आला. भर दुपारी, मुलं झोपलेली असताना.

काचा थेट पाळण्यात पडल्या. बाळ पाळण्यात नव्हतं. ढेकर काढायला सासूबाईंनी नुकतंच खांद्यावर घेतलं होतं. दुपट्यात एक काच उभी रुतली होती, सुरीसारखी.

ज्यानं मारला त्याचा हात खांद्यापासून उपटून काढावा असं वाटलं. नुसतं वाटलं नाही, तसं करताना मला डोळ्यांसमोर दिसलं. बराच वेळ दिसत राहिलं.

९ फेब्रुवारी

बेकरीवर माणसं चालून गेली. मांडणीवरचे पाव रस्त्यात फेकले, पायांनी तुडवले. एकानं बेकरीवालीच्या पाठीत तापलेला पत्रा मारला, ती पाठमोरी असताना. मालक म्हणाला, तुझा दोष नाही, पण उद्यापासून येऊ नकोस.

संध्याकाळी मुंगीला न्यायला आली तेव्हा खुर्चीला पाठ टेकत नव्हती. मी कुडता वर करून पाहिलं. पट्टाच्या पट्टा लाल, मध्ये फोड आलेले. मलम लावताना म्हटलं, कशाला बोललीस त्या दिवशी?

"पोर त्यांचंही आहे ना ताई," ती म्हणाली.

११ फेब्रुवारी

उद्या बैठक. ढब्बूच्या आईला रस्त्यात गाठून सांगितलं, नवऱ्याला घेऊन ये. ती म्हणाली, "ते येतील. येऊ नका म्हटलं तरी येतील."

१३ फेब्रुवारी

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज उजव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधली आहेत, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतंय. पण घडलं तसं लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

खोली भरली होती. आईबाप मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले. डॉक्टरबाई अंगानं लहानखुऱ्या, आवाज मात्र खणखणीत. सगळ्यांचं ऐकून घेतलं. पाण्यानं होत नाही, म्हणाल्या. पावानं नाही, शिंकेनं नाही, डासानं नाही. रक्तानं होतो. आईकडून बाळाला होतो, जन्मताना. लैंगिक संबंधातून होतो, हेही खरं. पण म्हणून तो फक्त बाहेरख्याली माणसांचा रोग नाही.

कुणीतरी विचारलं, मग एवढ्याशा बाळाला सुई कशाला?

"कारण बाळाला झाला तर तो बहुधा अंगातून कधीच जात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत बसून राहतो आणि पुढं कधीतरी यकृत खातो. मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा त्याला हाकलून लावतं. बाळाला ते जमत नाही. म्हणून पहिल्या दिवशी. आणि ज्याचे डोस अर्धे राहिलेत त्याला राहिलेले द्यायचे, पहिल्यापासून सुरू करायला नको. उशीर झालाय म्हणून सोडू नका."

बरं चाललं होतं. माणसं माना हलवत होती. मग गॅरेजवाला आला. मागे बायको, तिच्या हाताला धरून ढब्बू. तो दारू प्यायलेला नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण आज सगळे म्हणतायत, प्यायला असेल.

तो बसला नाही. म्हणाला, "माझ्या बहिणीचं बाळ. धडधाकट. सुई दिली आणि तिसऱ्या दिवशी गेलं. मी खड्डा खणला. एवढासा." हातानं लांबी दाखवली. "सांगा मला. ते कशानं गेलं?"



डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी ते बाळ पाहिलेलं नाही. कशानं गेलं ते मला सांगता येणार नाही. लसीनं गेलं नाही असं तुमच्या तोंडावर म्हणून तुमचं दुःख खोटं ठरवणार नाही. पण हजारो बाळांना मी ही लस माझ्या हातानं दिली आहे. ह्या लसीनं गेलेलं एकही मी पाहिलं नाही. आणि ही लस न मिळाल्यामुळं पुढं गेलेली माणसं पाहिली आहेत."

तो तिच्याकडे बघत राहिला. खांदे जरा खाली आले. मला वाटलं, आता बसेल. खरंच वाटलं. मी त्याच्यासाठी स्टूलही पुढं ओढलं.

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "ते सगळं ठीक आहे, पण त्या चावऱ्या मुलीला आधी काढा इथनं."

सगळ्यांनी माना वळवल्या. मागच्या भिंतीशी बेकरीवाली उभी होती, पायाशी मुंगी. गॅरेजवाल्यानंही पाहिलं.

"ही इथं?" तो म्हणाला. माणसं आणि खुर्च्या बाजूला सारत गेला. "दातच पाडतो तिचे. मग चावते कशी बघू."

त्यानं मुंगीचा जबडा एका पंजात पकडून तिला वर उचललं. पाय हवेत. पोरीच्या तोंडातून आवाजही निघेना. बेकरीवालीनं त्याच्या मनगटाला दोन्ही हातांनी मिठी मारली, पोर सुटून खाली पडली, आणि त्यानं मोकळ्या हातानं बेकरीवालीच्या तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा. दुसऱ्याचा आवाज वेगळा होता. कोरडी फांदी मोडते तसा. ती भिंतीवरून घसरत खाली आली. मुंगी तिच्या मांडीवर, आणि मुंगीच्या केसांत आईचं रक्त.

आईबापांनी आपापली मुलं उचलली आणि दाराकडे धाव घेतली. एवढी माणसं होती. एवढे बाप होते.

मी खुर्ची उचलली. मुलांची, लाकडी, लाल रंगाची. त्याच्या पाठीत घातली. ती मोडली नाही म्हणून पुन्हा घातली, मानेवर. तेव्हा मोडली. माझी बोटं तिच्यातच सापडली, पण तेव्हा कळलं नाही. सासूबाईंनी बसल्या जागेवरून काठी सपासप त्याच्या घोट्यांवर चालवली. त्यांचं वय काय, ताकद काय. पण तो एका गुडघ्यावर आला.

आणि बेकरीवाली बोलली. तोंडात रक्त, शब्द धड उमटेनात. तिनं त्याच्या मुठीकडे बोट केलं. मुठीची पेरं फाटली होती, दातांवर.

"हात फुटलाय तुमचा," ती म्हणाली. "माझं रक्त गेलंय त्यात. इंजेक्शन घ्या. आजच घ्या."

तो थांबला. मुठीकडे पाहिलं. मग म्हणाला, "शाप देतेस मला?" आणि उठून तिच्या बरगडीत बूट घातला.

त्यानंतर पोस्टमन — इथल्याच एका मुलीचा बाप, किडकिडीत माणूस — दारातून परत आला आणि मागून त्याच्या गळ्याला लोंबकळला. मग आणखी दोघं आले. पोलीस आले तोवर तो जमिनीवर होता, त्याच्या छातीवर तिघं बसलेले, आणि तो अजून लाथा झाडत होता.

ढब्बूची आई सगळा वेळ दारापाशी उभी होती. दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून. एक अक्षर बोलली नाही. नवऱ्याला आवर घालणं सोडाच, पोराचे डोळेही झाकले नाहीत.

हे लिहिताना सांगते — ती खुर्ची मोडली तेव्हा मला बरं वाटलं. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आज त्याची भीती वाटतेय.

१४ फेब्रुवारी

बेकरीवालीचे पुढचे दोन दात गेले, जबड्याला तडा, एक बरगडी मोडली.

तिचं रक्त माझ्या कोपरापर्यंत होतं आणि बोटं सोललेली. डॉक्टरबाईंनी मला त्याच संध्याकाळी दोन सुया दिल्या. एक लस, दुसरी तयार संरक्षणाची, लस अंगात काम करू लागेपर्यंत सांभाळणारी. असं रक्त लागलं की शक्यतो एका दिवसात घ्यायची, फार तर आठवड्याच्या आत. सासूबाईंनी बाही वर केली. "मलाही द्या. काठी काय हिनं चालवली?"

त्याला पोलीस कोठडीत डॉक्टरबाईंनी स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, सुई घेऊन कोणी जवळ आलं तर तीच त्याच्या डोळ्यात घालीन. त्याच्या बायकोलाही निरोप दिला: हात जोडून सांगा, पण त्याला घ्यायला लावा.

१७ फेब्रुवारी

तो जामिनावर सुटला.

१८ फेब्रुवारी

ढब्बूची आई नळावर भेटली. कानाजवळचा केसांचा झुपका उपटलेला, तिथं कातडी उघडी.

मी म्हटलं, "तो घेत नसेल तर मरू दे. पण ढब्बूला आणि तुला लस हवी. आता तर दुप्पट हवी, तुम्ही एका घरात राहता. उद्या चल माझ्याबरोबर. कुणाला कळणार नाही."

"नको ताई."

"अगं, पोराचं काय?"

"नको म्हटलं ना."

मी तिचं मनगट पकडलं. जोरात. "तुझ्या पोरासाठी दुसऱ्या बाईनं दात गमावले. आणि तू साधी सुई देत नाहीस त्याला?" मी तिला गदागदा हलवलं, बादली कलंडली.  तिनं हातही सोडवून घेतला नाही. सवय असल्यासारखी उभी राहिली. मी सोडलं तेव्हा तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती.

आई आहे की दगड.

२ मार्च

मुंगी बोलत नाही. आईबरोबर दवाखान्यातून आल्यापासून एक शब्द नाही. चावतही नाही. पाव दुधात कालवून दिला तर गिळते, चावत नाही. बाहुल्यांची तोंडं भिंतीवर आपटते. शांतपणे, एकेक घेऊन.

बेकरीवाली आता माझ्याकडेच कामाला आहे. बोलताना तोंडापुढं हात धरते. बरीच मुलं परत आली, राहिलेले डोस घेऊन. त्या चावऱ्या मुलीला काढा म्हणणारी बाईही आली, आपलं मूल घेऊन. बेकरीवालीनं ते मूल तिच्याकडून घेतलं आणि नाक पुसलं. मला जमलं नसतं.

९ मार्च

फाटकाशी जळता टायर. काळ्या धुरानं मुलं खोकून बेजार. विझवायला गेले तर समोर तो गॅरेजच्या दारात उभा, हातात पाना, नुसता बघत.

मीही बघत राहिले. डोळे मी आधी काढले नाहीत.

२८ मार्च

मुंगी बोलली. सासूबाईंनी पाणी मागितलं आणि आपलं आपणच उठायला लागल्या, तर ही म्हणाली, "बस."

सासूबाई बसल्या. नंतर तोंड फिरवून रडल्या.

१६ एप्रिल

कोर्टात तारीख होती. तो म्हणाला, तिनंच आधी हात धरला. बायकोला साक्षीला उभं केलं. तिनं मान खाली घालून सांगितलं, "मला नीट दिसलं नाही."

दारापाशी उभी होती ती. दहा पावलांवर.

५ मे

गॅरेज बंद. पोस्टमन म्हणाला, त्याला अन्नाचा वास सहन होत नाही, अंगात कणकण आहे.

९ मे

डोळे पिवळेधमक झालेत म्हणे. बेकरीवालीच्या हातातून कपड्यांची पाटी पडली.

"मी सांगितलं होतं ना त्यांना?" तिनं मला विचारलं.

"सांगितलंस. सगळ्यांनी ऐकलं."

दुपारी पुन्हा विचारलं. जाताना पुन्हा.

१७ मे

डॉक्टरबाई म्हणाल्या, मोठी माणसं ह्यातून बहुतेक सगळी बरी होतात. शेकड्यात एखाद्याचं यकृत एकदम हात टेकतं. तो त्यातला निघाला. माणसं ओळखत नाही. पलंगाला बांधून ठेवलंय. नळ्या उपटतो, नर्सच्या पोटात लाथ मारली.

मी मनात म्हटलं, चांगलं झालं. नंतर हेही लिहिते, की रस्ता ओलांडून बंद गॅरेजच्या दारापर्यंत गेले होते. का, माहीत नाही. ढब्बू गॅरेजवरच्या त्यांच्या घराच्या खिडकीत उभा होता. त्यानं मला हात केला.

त्याला कोण तपासणार आता? बाप त्याच्याच शेजारी झोपायचा.

२४ मे

गॅरेजवाला गेला.

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं असं म्हणू नकोस. मीही म्हणत नाही. पण डोळ्यांत पाणी आणायचं म्हटलं तरी येत नाही."

बेकरीवाली दिवसभर फरशी घासत होती. घासलेलीच पुन्हा.

२ जून

ढब्बूची आई आली. पोराला घेऊन. पहिल्यांदा चौकटीला न चिकटता, दाराच्या मधोमध उभी राहिली.

मी म्हटलं, "आता तरी त्याला लस दे."

"त्याला आहे," ती म्हणाली. "जन्मला त्याच दिवशी दिली. तो खाली गाडी लावत होता, तेवढ्यात मी नर्सला म्हटलं, टोचा लवकर. पुढचे डोस बहिणीकडे जाते सांगून दिले. मीही घेतली. कळलं असतं तर त्यानं जीव घेतला असता माझा. त्या संध्याकाळी मी तुमच्या दारात उभी होते, ताई. पोराची लस झाली आहे, एवढं एक वाक्य बोलले असते तर तो तिला सोडून माझ्यावर आला असता. म्हणून नाही बोलले."



बेकरीवाली आत दाराआड होती. तिनं सगळं ऐकलं. बाहेर आली. ढब्बूच्या आईच्या थोबाडीत मारली, एकच, सगळा जीव एकवटून. मग ढब्बूचा हात धरला आणि त्याला आत घेऊन गेली, मुलांत.